उंबरठ्याबाहेर गेलेल्या मालाचा हिशेब

व्यापारी घराण्यात रोजमेळ लिहिल्याशिवाय दिवस संपत नाही. काय आले, काय गेले, हाती शिल्लक काय राहिली, याची नोंद रात्री झालीच पाहिजे, हा संस्कार मुलांना पेढीवर बसण्यापूर्वीच मिळतो. घराचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी अर्धाच ठेवला जातो. किराणा किती भरला, दूध किती लागले, विजेचे बिल किती आले, हे गृहिणीला तोंडपाठ असते. त्याच घरातून दररोज बाहेर काय जाते, किती जाते आणि कोणाच्या दारात जाऊन पडते, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. माल उंबरठ्याबाहेर गेला की खाते बंद झाले, अशी समजूत असते. पर्यावरणाचा प्रश्न नेमका या बंद केलेल्या खात्यात साठत जातो.

जैन आचारात या बाजूचा विचार फार पूर्वी झालेला आहे. साधू-साध्वींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी शेवटची पारिष्ठापनिका किंवा उत्सर्ग समिती आहे. निरुपयोगी झालेली वस्तू कोठे आणि कशी टाकावी, त्या जागी जीव आहेत की नाहीत हे पाहून मगच ती कशी ठेवावी, हा तिचा विषय. चालणे, बोलणे, आहार घेणे आणि वस्तू उचलणे-ठेवणे यांच्याच रांगेत टाकण्याच्या क्रियेला स्थान मिळाले, यावरून तिचे महत्त्व लक्षात यावे. श्रावकाला ती समिती साधूंइतकी काटेकोर लागू नाही; परंतु तिच्यामागील दृष्टी गृहस्थाने उचलावी असे आजच्या शहराकडे पाहिल्यावर वाटते.

ताटातून घंटागाडीपर्यंत

२०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. आज ती त्याहून बरीच वाढलेली आहे. या शहराला घंटागाडीची सवय जुनी आहे. घंटा ऐकू आली की गृहिणी डबा घेऊन खाली उतरते, गाडी निघून जाते आणि घर स्वच्छ होते. गाडी पुढे पाथर्डी-विल्होळी परिसरातील महापालिकेच्या खतप्रकल्पावर जाते, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्याच विल्होळीत धर्मचक्र तीर्थ आहे. मुंबई महामार्गाने दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबाचा कचराही त्याच दिशेने गेलेला असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील घरांतून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. यात साली, देठ यांसारखा न खाण्याचा भागही धरलेला आहे. पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब केला तर हा आकडा वर्षाला पावणेतीन क्विंटलांच्या घरात जातो. धान्याच्या व्यापाऱ्याला पावणेतीन क्विंटल म्हणजे किती पोती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ताटात उष्टे न टाकण्याचा नियम जैन घरांत आजही पाळला जातो. जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणारी वडीलधारी मंडळी अजून अनेक घरांत आहेत. उष्ट्या ताटात दोन घटिकांनंतर, म्हणजे ४८ मिनिटांनंतर, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, ही त्यामागील श्रद्धा. तरुण पिढीला ही रीत जुनाट वाटते. पण अन्नाची नासाडी आणि भांडी घासण्याचे पाणी या दोन्ही गोष्टी एका घोटात वाचवणारी दुसरी पद्धत शोधून सापडणार नाही. ज्याला पाणी पिणे जमत नाही, त्याने निदान ताट कोरडे करून उठावे, एवढे तरी व्हावे.

ताटात काही उरले नाही तरी भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा राहतोच. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली की आत हवा जात नाही. हवेविना कुजणाऱ्या पदार्थातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या कालावधीत वातावरण तापवण्याची या वायूची शक्ती तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट धरली जाते. पिशवीतून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते ते वेगळेच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा देण्याचे बंधन प्रत्येक घरावर घातले, त्यामागे हेच कारण आहे.

वेगळा दिलेला ओला कचरा उपयोगी पडतो, याचे उदाहरण नाशिकमध्येच आहे. जर्मन शासनाच्या सहकार्याने महापालिकेने २०१७ मध्ये येथे एक प्रकल्प सुरू केला. हॉटेलांतील ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवून त्यातून वायू आणि वायूपासून वीज मिळवण्याची ही योजना असून तिची रचना दिवसाला ३० टन मालासाठी करण्यात आली. अशा यंत्रात एक चमचा, एक बाटली किंवा दुधाची पिशवी गेली तरी काम अडते. मालात खोट निघाली तर गिरणी थांबते, हे तेलाच्या आणि डाळीच्या धंद्यातील लोक जाणतात. येथे माल पुरवणारे आपण असतो, एवढाच फरक.

कंपोस्टचा प्रश्न

घरी खत करावे असे सर्वत्र सांगितले जाते. जैन कुटुंबात त्यावर एक खरा आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओला पदार्थ साठवला की त्यात जीव निर्माण होणार. जाणूनबुजून जीवोत्पत्ती करायची आणि नंतर ते खत उन्हात पसरायचे, हे अहिंसेत कसे बसते? अनेक श्रावकांच्या मनात हा प्रश्न येतो आणि कंपोस्टचे टोपले घरात येता येता राहते.

आक्षेप योग्य आहे. मात्र तो अर्ध्या हिशेबावर उभा आहे. टोपले घरात आले नाही म्हणून साली नाहीशा होत नाहीत. त्या पिशवीत बांधून दिल्या की जीवोत्पत्ती टळत नाही, ती दृष्टीआड होते आणि अनेक पटींनी होते. कचऱ्याच्या ढिगावर किडे, उंदीर, भटकी कुत्री, गाई या सर्वांचा वावर असतो. अन्नाच्या वासाने गाय पिशवीसकट सर्व गिळते. प्लॅस्टिक तिच्या पोटात साठत राहते, पचत नाही, बाहेरही पडत नाही. पशुवैद्यांनी भटक्या गाईंच्या पोटांतून अनेक किलो प्लॅस्टिक काढल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. पाणी गाळून पिणाऱ्या घरातील गाठ मारलेली पिशवी एखाद्या गाईचा जीव घेऊ शकते, हे मान्य करणे जड जाते. पण हिशेब पूर्ण मांडला की ती रक्कम नावे पडतेच.

यातून मध्यम मार्ग निघतात. पहिला मार्ग मुळातच कमी आणण्याचा: भाजी दोन दिवसांपुरती घ्यावी, फ्रीज भरून ठेवू नये. दुसरा, ताज्या साली आणि देठ त्याच दिवशी जवळच्या गोठ्यात पोहोचवण्याचा. शिळे, आंबलेले किंवा बुरशी आलेले मात्र जनावरांना घालू नये. तिसरा मार्ग वाळवण्याचा आहे. नाशिकला पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ऊन भरपूर असते. गच्चीवर जाळीवर पातळ पसरलेल्या साली कडक उन्हात लवकर वाळतात. ओलावा गेला की कुजण्याची क्रिया थांबते, वास येत नाही, वजन आणि आकारही खूप घटतो. हा कोरडा चुरा कुंडीतील मातीत थोडा थोडा मिसळता येतो. पावसाळ्यात मात्र ओला कचरा उघड्या डब्यातून वेगळा घंटागाडीत द्यावा. ज्यांना कंपोस्टच करायचे आहे त्यांनी वाळलेली पाने किंवा नारळाचा काथ्या भरपूर वापरून ढीग मोकळा आणि कोरडा ठेवावा. ओल जितकी कमी तितकी अळ्यांची शक्यता कमी. व्रतधारी श्रावकांनी याविषयी आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे, हे उचित.

पाणी पैठणपर्यंत जाते

नाशिकचे बहुतांश पाणी गंगापूर धरणातून येते. शहरी घरासाठी दरडोई दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडे नियोजनाचे प्रमाण मानतात. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने ६७५ लिटर लागतात आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के, म्हणजे ५४० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. हे पाणी तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा केंद्रांवर शुद्ध व्हावे अशी व्यवस्था आहे. जे तेथवर पोहोचत नाही ते नाल्यांतून, नासर्डीतून गोदावरीला मिळते. नदीच्या प्रदूषणाबाबत २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी लागली, यावरून स्थितीची कल्पना यावी.

पुढे हेच पाणी निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूरमध्यमेश्वरला अडते. तेथील पाणथळ प्रदेशाला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात. साबण आणि धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट, मैल्यातील नत्र ही पाणवेलीची खते आहेत. पाणवेल माजली की पाण्यावर आच्छादन पडते, आतला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. नदी तेथूनही पुढे पैठणला नाथसागरात पोहोचते. पैठण म्हणजे मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे क्षेत्र. नाशिकच्या मोरीतून गेलेल्या पाण्याचा अंश तेथील यात्रेकरूच्या तांब्यात येऊ शकतो. हा विचार मनात ठेवून पावडर मोजून घातली तर चमचाभर कमीच पडेल.

पाणी गाळण्याची जैन रीत केवळ स्वतःच्या आरोग्यासाठी नव्हती. गाळणीवर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीतून पाणी आणले तिथेच परत सोडण्याचा दंडक होता. जे घेतले त्याच्या उगमाची काळजी त्यात होती. आज स्वयंपाकघरात गाळण्याच्या जागी शुद्धीकरण यंत्र आले. आरओ प्रकारचे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना सर्वसाधारणपणे दोन ते तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर सोडते. दिवसाला १५ लिटर शुद्ध पाणी लागणाऱ्या घरात ३० ते ४५ लिटर पाणी असे वाहून जाते. बादली लावली तर फरशी पुसणे आणि संडास धुणे त्यात भागते. महापालिकेच्या पाण्यात क्षार कमी असतील तर आरओची गरजच नसते. यंत्र घेण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे २० लिटर घालवतो, म्हणजे वर्षाला सात हजारांहून अधिक. श्रावकाच्या आठव्या व्रताला अनर्थदंड विरमण म्हणतात: ज्यात कोणाचाच काही अर्थ साधत नाही अशा हिंसेपासून दूर राहणे. गळका नळ आणि रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा यांना याहून नेमका शब्द सापडणार नाही.

जमेची बाजूही पाहावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्या हिशेबाने ७० हजार लिटर उतरतात. वीस टक्के गळती धरली तरी ५६ हजार लिटर विंधन विहिरीजवळ जिरवता येतात. आज ते रस्त्यावर जातात आणि मे महिन्यात टँकरचे पैसे मोजावे लागतात.

दुकान आणि संघाचा प्रसंग

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदीची अधिसूचना काढली. सवलतीचा काळ संपून २३ जूनपासून तिची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व कैद अशी तरतूद व्यापाऱ्यांना चांगली स्मरत असेल. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही पिशवी गेलेली नाही. ‘गिऱ्हाईक मागते, आपण नाही दिली तर शेजारचा देतो,’ हे त्याचे उत्तर. उत्तर खोटे नाही. परंतु दिवसाला शंभर पिशव्या देणारे दुकान वर्षाच्या ३०० दिवसांत ३० हजार पिशव्या शहरात सोडते. एका गल्लीतील पाच-सात दुकानदारांनी एकाच दिवसापासून एकत्र निर्णय घेतला, कापडी पिशवी ठेव रक्कम घेऊन द्यायची आणि परत आणल्यास पैसे परत करायचे असे ठरवले, तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही. भाव ठरवताना बाजारात जो एकोपा दिसतो तो येथेही दिसावा.

संघाच्या स्वामिवात्सल्याचे गणित याहून सोपे आहे. उदाहरणादाखल ५०० माणसांची पंगत घ्यावी. एकदा वापरून टाकायचे ताट, वाटी, पेला यांचा संच ८ रुपयांना धरला तर एका प्रसंगाला ४,००० रुपये होतात. वर्षात ३० प्रसंग झाले तर १ लाख २० हजार. स्टीलचे ५०० संच प्रत्येकी १५० रुपयांप्रमाणे ७५ हजारांत येतात आणि घासणाऱ्यांची मजुरी प्रसंगाला १,५०० धरली तर वर्षाचे ४५ हजार होतात. पहिल्या वर्षी दोन्ही बाजू बरोबर. दुसऱ्या वर्षापासून दरसाल ७५ हजारांची बचत. संघाचा आकार आणि बाजारभाव यांप्रमाणे आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही. शिवाय चार घरांतील स्त्रियांना नियमित काम मिळेल. घासायला पाणी लागते हे खरे. ताटे आधी कोरडी झाली असतील तर ते पुष्कळ कमी लागते.

तपस्येच्या पारण्याला वाटल्या जाणाऱ्या प्रभावनेचाही विचार व्हावा. प्लॅस्टिकचे डबे, चकचकीत वेष्टने, घरात आधीच चार असलेली पाचवी वस्तू यांनी तपाची अनुमोदना वाढत नाही. कापडी थैली, स्टीलचा पेला किंवा त्याच रकमेची जीवदयेसाठी देणगी, यातील काहीही उजवे ठरेल.

पूर्वजांनी राखलेली जमीन

जीवदया आणि पर्यावरण यांचा संबंध नाशिककरांना पुस्तकात शोधावा लागत नाही. नाशिक पंचवटी पांजरापोळ ही संस्था १८७८ सालची. चुंचाळे परिसरात, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांच्या शेजारी, तिच्याकडे सुमारे ८२५ एकर जमीन आहे. म्हाताऱ्या, आजारी, कोणालाच नको असलेल्या जनावरांसाठी ती राखली गेली. गुरांना चारा हवा म्हणून गवत राहिले, सावली हवी म्हणून झाडे वाढली, पिण्याला पाणी हवे म्हणून तळी झाली, आणि पाखरे आपण होऊन आली. काही वर्षांपूर्वी ही जागा उद्योगांना मिळावी अशी मागणी पुढे आली तेव्हा शहरातील पर्यावरणप्रेमी विरोधासाठी उभे राहिले. त्यांनी तिला नाशिकचे फुप्फुस म्हटले. रोजगाराची गरज मांडणाऱ्यांची बाजूही विचारात घेण्यासारखी होती. पण ज्यांनी दीडशे वर्षांपूर्वी देणगीच्या पावत्या फाडल्या त्यांच्या मनात हवामानबदल नव्हता. मुक्या जनावराला आसरा मिळावा एवढाच भाव होता. त्या भावाचे व्याज आज संपूर्ण शहर खात आहे.

चौदा नियमांची वही

श्रावकाच्या दिनचर्येत चौदा नियम धारण्याची परंपरा आहे. सकाळी उठून आज किती पदार्थ खाईन, किती वस्त्रे वापरीन, किती वाहनांत बसेन, किती दूर जाईन, स्नानाला किती पाणी घेईन, याची मर्यादा मनाशी ठरवायची आणि संध्याकाळी तिचा आढावा घ्यायचा. ज्याला जग आज शाश्वत जीवनशैली म्हणते तिचे अंदाजपत्रक आणि ताळेबंद दोन्ही यात आहेत. अनेक घरांत हे नियम छापील कार्डावरून उच्चारले जातात. उच्चारताना आकडा मात्र मोकळाच राहतो. तो आकडा भरला तर नियमाला पुन्हा जीव येईल. स्नानाला एक बादली. जवळच्या कामाला वाहन नाही. एका सणाला एकच नवा पोशाख. आज घरातून बाहेर जाणारी प्लॅस्टिक पिशवी शून्य.

येत्या चातुर्मासात प्रत्येक घराने रोजमेळाला एक पान जोडून पाहावे. ओला कचरा किती डबे, सुका किती, पाण्याच्या मीटरचा आकडा काय, विजेचे युनिट किती, ताटात उरलेले अन्न किती, एवढ्या पाच ओळी पुरेत. लिहिण्याचे काम घरातील सर्वांत लहान लिहित्या मुलाकडे द्यावे. मुले आकडा लपवत नाहीत आणि मोठ्यांनाही लपवू देत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात काहीही बदलू नये, केवळ नोंद करावी. नंतर कोणती रक्कम अकारण नावे पडते आहे हे पान स्वतःच सांगेल. कार्तिकी पौर्णिमेला चार महिन्यांची बेरीज करून ती संघात वाचावी. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीचे पहिले पान उघडताना, दुकानाच्या नफ्याशेजारी घराने यंदा काय वाचवले याची एक ओळ लिहिली गेली, तर तो शुभलाभ पुढच्या पिढीच्याही खात्यात जमा होईल.